टाचणीचे डोके आणि जेलीचा तुकडा

अब्जांश तंत्रज्ञानावरचा कोणताही लेख किंवा विद्यार्थ्याची प्रकल्पवही उघडा. पहिल्या पानावर एक गोष्ट हमखास भेटते. २९ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेत पॅसाडेना येथे भौतिकशास्त्रज्ञांची सभा भरली होती. तीत रिचर्ड फाइनमन यांनी ‘तळाशी भरपूर जागा आहे’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे भाषण केले आणि त्या दिवशी अब्जांश तंत्रज्ञानाचा जन्म झाला! पुढच्या पानावर रक्तवाहिनीत पोहणाऱ्या इवल्याशा यंत्राचे चित्र असते. ही गोष्ट शिक्षक सांगतात, विद्यार्थी उतरवून घेतात. मूळ भाषण वाचायची गरज मात्र फारशी कोणाला भासत नाही.

आम्ही ते भाषण पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. वाचताना शेजारी मुद्दाम दुसरा एक मजकूर ठेवला. भाषणानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, म्हणजे ९ जानेवारी १९६० रोजी, ‘नेचर’ या नियतकालिकात प्रागच्या ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांचा दोन पानी निबंध प्रसिद्ध झाला. पाणी धरून ठेवणारी जेल शरीराच्या कामी कशी आणता येतील, हा त्याचा विषय. आज ज्यांना हायड्रोजेल म्हणतात त्या पदार्थांच्या आधुनिक संशोधनाची सुरुवात साधारणपणे या दोन पानांपासून मानली जाते. पहिला मजकूर सर्वांना ऐकून माहीत आहे, दुसरा बहुतेकांना ऐकूनही माहीत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर दोघांच्याही उणिवा दिसतात, आणि आपण वर्गात काय सांगतो याचाही फेरविचार करावा लागतो. म्हणून हा लेख.

भाषणात काय आहे?

प्रथम फाइनमन यांचे जे आहे ते त्यांना दिलेच पाहिजे. भाषण आजही ताजे वाटते. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे चोवीस खंड टाचणीच्या डोक्यावर मावतील का, या प्रश्नाने ते सुरू होते आणि लगेच हिशेब मांडला जातो. टाचणीचे डोके एक षोडशांश इंच रुंद. ते पंचवीस हजार पट मोठे केले तर कोशाच्या सगळ्या पानांएवढे क्षेत्रफळ मिळते. म्हणजे अक्षरे तितक्या पटीने लहान केली की काम झाले. छपाईतल्या ठिपक्याच्या जागी तरीही सुमारे हजार अणू उरतात. गुणाकार-भागाकारावर सहज उभा राहिलेला असा विचार वर्गात वाचून दाखवावा, इतका सुंदर आहे. एका शाळेने टाचणीवर मजकूर लिहून दुसऱ्या शाळेला आव्हान द्यावे, अशी शालेय स्पर्धेची कल्पनाही त्यात आहे.

भाषणाच्या शेवटी त्यांनी हजार-हजार डॉलरची दोन बक्षिसे जाहीर केली. पहिले होते एक चौसष्टांश इंचाच्या घनात मावणाऱ्या विजेच्या मोटारीसाठी. या आव्हानातून काही नवे तंत्र निघेल अशी फाइनमन यांची अपेक्षा होती. पण १९६० सालीच विल्यम मॅकलेलन या अभियंत्याने सूक्ष्मदर्शक, चिमटा आणि चिकाटी यांच्या बळावर तशी मोटार करून आणली. बक्षीस द्यावे लागले, नवे तंत्र काही हाती लागले नाही. दुसरे बक्षीस पुस्तकाचे पान पंचवीस हजार पट लहान करण्यासाठी होते. ते स्टॅनफर्डच्या टॉम न्यूमन यांनी १९८५ साली इलेक्ट्रॉन शलाकेच्या साहाय्याने मिळवले.

आता ‘जन्म झाला’ या विधानाकडे पाहू. पहिल्या वीस वर्षांत वैज्ञानिक निबंधांत या भाषणाचा उल्लेख क्वचितच आढळतो. नॅनोटेक्नॉलॉजी हा शब्द १९७४ साली जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी योजला, तो अचूक यंत्रकामाच्या संदर्भात. भाषणाला आद्य ग्रंथाचा मान मिळाला तो एरिक ड्रेक्सलर यांचे ‘एंजिन्स ऑफ क्रिएशन’ हे पुस्तक १९८६ साली आल्यानंतर. जन्मपत्रिका मागाहून लिहिली गेली, हे विद्यार्थ्यांना सांगायला हरकत नसावी.

दोन पानांचा निबंध

विख्टर्ले आणि लिम यांच्या निबंधात ना विनोद आहे, ना भविष्यवाणी. शरीरात ठेवायचा पदार्थ कसा असावा, हा त्यांचा प्रश्न. त्याचा आकार टिकला पाहिजे, शरीराने तो निमूट सोसला पाहिजे आणि पाणी व विरघळलेली द्रव्ये त्यातून आरपार गेली पाहिजेत. उत्तर म्हणून त्यांनी पाणी आवडणाऱ्या एका मेथॅक्रिलेट रेणूची लांब साखळी केली आणि साखळ्यांना मधूनमधून आडवे टाके घातले. टाके असल्यामुळे साखळ्या पाण्यात विरघळून जात नाहीत. पाणी आवडत असल्यामुळे ते शोषून फुगतात आणि तिथेच थांबतात. पहिल्या मऊ स्पर्शभिंगांत वजनाच्या सुमारे अडतीस टक्के पाणी होते.

विख्टर्ले यांना १९५८ साली राजकीय कारणांवरून प्रागच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून दूर करण्यात आले होते. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरातल्या टेबलावर, मेकॅनोसारख्या ‘मेर्कुर’ या खेळण्याच्या पट्ट्या आणि सायकलचा डायनामो जोडून एक फिरते यंत्र तयार केले. फिरत्या साच्यात द्रव टाकला की तो आपोआप भिंगाच्या आकारात पसरतो आणि तसाच घट्ट होतो. यातून पहिली चार चांगली भिंगे मिळाली. हजार डॉलरच्या आव्हानातून जे निघाले नाही ते नवे तंत्र मुलाच्या खेळण्यातून निघाले! अमेरिकेत या भिंगांना १९७१ साली मान्यता मिळाली.

या निबंधावरही आमचा एक आक्षेप आहे. जेलमधून काय आरपार जाते आणि काय अडते, हे जाळीच्या छिद्रांवर ठरते. ही छिद्रे काही नॅनोमीटरपासून, मिश्रण बदलले तर कितीतरी मोठी असू शकतात. निबंधाचा सारा जीव या जाळीत आहे. तरी तो पदार्थाच्या गुणांविषयी बोलतो, जाळी डोळ्यांपुढे उभी करत नाही. फाइनमन यांच्या हातात हाच विषय असता तर वाचकाने आधी जाळी पाहिली असती.

सरसाचे घराणे

जेल हे कोणी १९६० साली शोधून काढले नाही. आपल्या स्वयंपाकघरात चायना ग्रासची खीर सेट होते, भिजवलेल्या सब्जाच्या प्रत्येक बीभोवती पारदर्शक आवरण चढते. ही दोन्ही हायड्रोजेलच. थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ साली ‘कलॉइड’, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातला कलिल, हा शब्द बनवला तो सरसाच्या ग्रीक नावावरून. जिलेटिन हा त्यांचा नमुन्याचा कलिल होता. कोलॅजेन या प्रथिनाच्या नावाचा अर्थही ‘सरस देणारे’ असाच. कातडी आणि हाडे उकळली की कोलॅजेनच्या तिपेडी दोऱ्यांचे पेड सुटतात, आणि सुटलेल्या पेडांचे मिश्रण म्हणजे जिलेटिन. सुताराचा सरस हा त्याचाच ओबडधोबड भाऊ.

इथे शब्दांचा एक घोळ निस्तरायला हवा. ‘जिलेटिनच्या कांड्या सापडल्या’ ही बातमी विद्यार्थ्यांनी वाचलेली असते आणि हस्तकलेच्या तासाला रंगीत ‘जिलेटिन पेपर’ त्यांनी हाताळलेला असतो. आल्फ्रेड नोबेल यांच्या सुरुंगाच्या जिलेटिनमध्ये नायट्रोग्लिसरिनाला नायट्रोसेल्युलोजने घट्ट केलेले असते. दिसायला जेलीसारखे, म्हणून ते नाव. हस्तकलेचा कागद सहसा सेल्युलोजचा असतो. आमच्या विषयातले जिलेटिन औषधाच्या कॅप्सूलच्या आवरणातले.

ते कोमट पाण्यात विरघळते तेव्हा प्रत्येक साखळी सुटी, वेडीवाकडी हेलकावत असते. पाणी थंड झाले की साखळ्यांचे काही भाग एकमेकींना शोधून पुन्हा तिपेडी वेणी घालतात. या वेण्या म्हणजे जाळीच्या गाठी. शंभर ग्रॅममध्ये दोन-तीन ग्रॅमच जिलेटिन असले तरी उरलेले सारे पाणी जाळीत अडकून बसते. गरम केले की गाठी सुटतात.

या वेण्या कोणी घालत नाही, हे लक्षात घ्यावे. फाइनमन यांच्या भाषणात मोठे हात लहान हात बनवतात, लहान हात त्याहून लहान, आणि शेवटी अणू हवे तिथे मांडले जातात. जिलेटिनला हात लागत नाहीत. तापमान योग्य ठेवले की रेणू स्वतःच जुळतात. वस्तू घडवण्याचे हे दोन वेगळे मार्ग आहेत आणि आपल्या लेखांत पहिल्याचेच गुणगान असते, कारण त्यात गोष्ट सांगायला एक कारागीर मिळतो.

डीएनएचा क्रम कसा वाचला गेला?

भाषणात फाइनमन जीवशास्त्रज्ञांचे प्रश्न घेतात. डीएनएमधल्या घटकांचा क्रम काय, हा त्यांतला मुख्य. त्यांचे उत्तर सरळ आहे: पाहा की! इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक शंभरपट चांगला करा, म्हणजे क्रम दिसेल.

प्रत्यक्षात काय झाले? १९५९ सालीच रेमंड आणि वाइनट्रॉब यांनी पॉलिअ‍ॅक्रिलामाइड या हायड्रोजेलचा उपयोग विजेच्या दाबाखाली रेणू वेगळे करण्यासाठी केला होता. पुढे १९७७ साली फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने, आणि वेगळ्या रीतीने मॅक्सम व गिल्बर्ट यांनी, डीएनएचा क्रम वाचण्याच्या पद्धती दिल्या. दोन्हींत शेवटची पायरी एकच. डीएनएचे वेगवेगळ्या लांबीचे तुकडे जेलच्या पातळ थरातून पळवायचे. आखूड तुकडा जाळीतून लवकर पुढे जातो, लांब मागे राहतो, आणि एकाच घटकाचा फरक असलेले तुकडेही वेगळे पट्टे म्हणून दिसतात. हे पट्टे क्ष-किरणांच्या फिल्मवर उमटवत, आणि त्या फिल्मवर चांदीचे क्षार धरून ठेवणारा थर होता जिलेटिनचा! एका जेलने चाळले, दुसऱ्या जेलने चित्र दिले. अणू कोणालाच दिसले नाहीत, क्रम मात्र वाचून झाला.

याचा अर्थ फाइनमन चुकले असा आम्ही काढत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारत गेला, आणि गोठवलेल्या नमुन्यांची रचना त्याने दाखवण्याच्या तंत्राला २०१७ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांची दिशा बरोबर होती. चुकीचा होता तो ‘पाहिले की कळले’ हा भरवसा. विज्ञानात पुष्कळदा वस्तू न पाहता, ती कुठे अडते आणि कुठून निसटते यावरून कळते. चाळणीची ही युक्ती विद्यार्थ्याला समजली तर त्याला विज्ञानाची एक पद्धतच समजली.

गिळण्याचा शल्यवैद्य

भाषणातली सर्वांत गाजलेली कल्पना म्हणजे गिळता येईल असा शल्यवैद्य. ती आपला मित्र अल्बर्ट हिब्स याची, असे फाइनमन प्रामाणिकपणे सांगतात. आपल्याकडचे लेख हे श्रेयही गाळतात. लहान जगात भाग एकमेकांना चिकटून बसतील, हाताला काकवी लागल्यासारखे सुटणारच नाहीत, हेही त्यांनी भाषणातच म्हटले आहे. चित्रांतल्या यंत्रमानवांना ही काकवी कधी लागलेली दिसत नाही! शिवाय शंभर नॅनोमीटरच्या कणाला पाण्याचे रेणू चहूकडून सतत धक्के देत असतात. तिथे सुकाणू धरून बसणे अवघड.

शरीरात औषध पोचवण्याचे काम दुसऱ्याच रस्त्याने पुढे सरकले. १९७८ साली मार्टी, ओपनहाइम आणि स्पायझर यांनी जिलेटिनसारख्या प्रथिनांचे अतिसूक्ष्म कण करून त्यांत औषध ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली आणि त्यांना नॅनोपार्टिकल हेच नाव दिले. पाण्यातल्या जिलेटिनचे पाणी अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनने हिरावून घेतले की ते कणरूपाने बाहेर पडते. मग टाके घालून कण पक्के करतात. २००० साली ही रीत दोन पायऱ्यांची झाली. पहिल्या पायरीत आखूड साखळ्या काढून टाकल्याने कण एकसारखे निघू लागले. अशा कणाला चाके नसतात, हात नसतात. औषध जाळीतून झिरपते किंवा शरीरातले विकर जाळी कुरतडतात तसे बाहेर येते.

मग इतके लहान का करायचे? याला गणिती उत्तर आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये तोयोइची तानाका यांनी १९७९ साली फिलमोर यांच्यासह दाखवले की जेल फुगायला लागणारा वेळ त्याच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. एक मिलिमीटरच्या तुकड्याला समजा एक तास लागत असेल, तर त्याच पदार्थाच्या हजारपट लहान, म्हणजे एक मायक्रॉनच्या कणाला त्याचा दशलक्षांश वेळ, सुमारे ३.६ मिलिसेकंद, पुरतो. लहानपणाने इथे खरोखर काहीतरी मिळाले.

जेलवाल्यांचेही चुकते

आता दुसऱ्या बाजूला चार शब्द ऐकवले पाहिजेत. हल्ली जेलवरच्या निबंधांत आणि जाहिरातींत ‘नॅनो’ हा शब्द मिठासारखा टाकलेला असतो. प्रत्येक जेलची जाळी अब्जांश मापाचीच असते; म्हणून आजीच्या चायना ग्रासच्या खिरीला कोणी अब्जांश तंत्रज्ञान म्हणणार आहे का? आम्ही एक साधी कसोटी सुचवतो. वाक्यातला ‘नॅनो’ शब्द खोडावा आणि काय हरवले ते पाहावे. तानाका यांच्या वर्गाच्या नियमासारखे काही हरवत असेल तर शब्द राहू द्यावा. नुसता दिमाख हरवत असेल तर त्याची गरज नव्हती.

जिलेटिनची स्तुतीही बेताने करावी. त्याच्या नैसर्गिक गाठी शरीराच्या तापमानाला टिकत नाहीत, म्हणून टाके घालावे लागतात. त्यासाठी वापरले जाणारे ग्लुटाराल्डिहाइड पेशींना अपायकारक आहे, आणि त्याचा अंश मागे राहिला तर उपायच अपाय ठरतो. बेल्जियममधील संशोधकांनी २००० साली जिलेटिनला मेथॅक्रिलेटचे गट जोडून प्रकाशाने टाके घालण्याची वाट दाखवली. त्या जेलमध्ये आज पेशी वाढवल्या जातात, त्याचे थर छापले जातात. पण प्रयोगशाळेतल्या पेशींवर जमले म्हणजे रुग्णावर जमले असे होत नाही. बातमी वाचताना ‘हे कोणावर करून पाहिले?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या तोंडी बसला पाहिजे.

तिसरी गोष्ट अचूकतेची. जिलेटिन जनावराच्या कातड्याहाडांतून येते, त्यामुळे एक घाणा दुसऱ्यासारखा नसतो. त्याची प्रत ठरवण्याची ब्लूम कसोटी १९२५ ची आहे: ६.६७ टक्क्यांची जेली १० अंश सेल्सिअसला ठेवायची आणि दट्ट्या ठरावीक अंतर आत शिरायला किती ग्रॅम भार लागतो ते मोजायचे. कसोटी उपयोगी आहे, पण ती जाळीविषयी काहीच सांगत नाही. कोणता अणू कुठे आहे हे कळलेच पाहिजे, हा फाइनमन यांचा हट्ट इथे अगदी योग्य ठरतो. रेणू आपोआप जुळतात हे खरे, पण ते नेमके कसे जुळले हे ठाऊक नसेल तर उद्या पुन्हा तसेच जुळतील याची हमी कोण देणार?

वर्गात काय करावे?

एक, फाइनमन यांचे भाषण जरूर वाचून दाखवावे, पण जन्मकथा म्हणून नव्हे. ते चांगल्या प्रश्नांचे भाषण आहे. त्याबरोबर विख्टर्ले यांची खेळण्याची गोष्ट सांगावी.

दोन, रसायनशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांतली ‘सुवर्णांक’ ही संज्ञा पुन्हा उघडावी. मीठ घातले की सोन्याचा कलिल साकळतो, पण ०.००५ ते ०.०१ मिलिग्रॅम जिलेटिन असेल तर १० मिलिलिटर कलिल वाचतो. जिलेटिनच्या साखळ्या सोन्याच्या अब्जांश कणांवर आवरण घालतात, म्हणून. कित्येक शिक्षक वर्षानुवर्षे हेच शिकवत आले आहेत. फक्त त्याला अब्जांश तंत्रज्ञान म्हणतात हे त्यांना कोणी सांगितले नव्हते!

तीन, एक प्रयोग. दोन पेल्यांत चायना ग्रासची बिनसाखरेची घट्ट जेली करावी. पहिलीत ती गरम असतानाच चमचाभर पातळ खळ मिसळावी. थंड झाल्यावर वर टिंक्चर आयोडिनचे पाणी ओतावे. निळा रंग तासातासाने खाली उतरताना दिसेल. दुसरीत जेली कोमट झाल्यावर, घट्ट होण्याआधी, थोडे आयोडिन मिसळावे आणि नंतर वर खळ ओतावी. निळा रंग वरच्या खळीत येईल: आयोडिन बाहेर आले, पिष्ट आत गेले नाही. जाळी डोळ्यांना दिसणार नाही, पण तिने कोणाला वाट दिली आणि कोणाला नाही ते दिसेल.

मग एखादा चौकस विद्यार्थी विचारील: पिष्टाचे रेणू साध्या पाण्यातही हळूच पसरतात, मग हा जाळीचाच पुरावा कशावरून? तसे कोणी विचारले तर त्या तासाचे सार्थक झाले असे समजावे. तिसऱ्या पेल्यात नुसते पाणी घेऊन तुलना कशी करायची, ते त्यालाच ठरवू द्यावे.